ठोकेबाबांची थांबलेली नाडी

सभागृहात खुर्च्या साडेतीनशे होत्या आणि माणसं पाचशे. उरलेली दीडशे माणसं भिंतींना टेकून, खिडक्यांत बसून आणि एकमेकांच्या पायांवर उभी राहून मंचाकडे बघत होती. मंचावर सायीच्या रंगाचा पायघोळ झगा घालून ठोकेबाबा बसले होते.

"बाबा आता आपलं हृदय थांबवतील," शिष्य माइकवर सांगत होता, "आणि वाचलेला एकेक ठोका तुमच्या हृदयाला दान करतील. कृपया मोबाइल बंद ठेवा. मागच्या वेळी एक ठोका भलत्याच नंबरवर गेला होता."

निवृत्त मुख्याध्यापकांनी बाबांचं मनगट धरलं होतं. बाबांनी डोळे मिटले. मुख्याध्यापकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बंद," ते म्हणाले. "साफ बंद."

सभागृहातून एक मोठा सुस्कारा निघाला. तिसऱ्या रांगेत मामींनी हात जोडले, मामांनी मान डोलावली, आणि त्या दोघांच्या मधे बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी दात आवळले.

ही मामांची भाची. हृदयरोगतज्ज्ञ होण्याच्या शिक्षणाचं तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. दुपारी ती तीस तासांची ड्यूटी संपवून घरी आली, तेव्हा मामींनी फोनवर बोलता बोलता सहज सांगितलं होतं, "ठोकेबाबांचे ठोके मिळाल्यापासून यांना गोळ्या लागतच नाहीत. दहा दिवस झाले बंद करून." भाचीची झोप जागच्या जागी उडाली. दोनच महिन्यांपूर्वी मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडली, तर त्या इवल्याशा जाळीत गुठळी होऊन माणूस बसल्या जागी जाऊ शकतो.

ती तशीच धावत मामांकडे गेली. मामा शिंपी. आयुष्यभर कापड मापल्याशिवाय कात्री न लावलेला माणूस, पण या बाबतीत मात्र ऐकेना.

"आधी बघ, मग बोल," ते म्हणाले. "बाबांची नाडी थांबली नाही, तर तिथल्या तिथे गोळी घेतो आणि तू म्हणशील तिथे येतो. थांबली, तर तू गप्प बसायचं."

म्हणून ती पर्समध्ये गोळ्यांची पट्टी आणि स्टेथोस्कोप घेऊन इथे आली होती.

"कोणाला अजून खात्री करायची आहे?" शिष्याने विचारलं. तिने हात वर केला. हृदयाची डॉक्टर आहे म्हटल्यावर शिष्याला आनंदाचं भरतं आलं. "विज्ञानसुद्धा बाबांच्या पायाशी आलं," त्याने जाहीर केलं.

तिने बाबांचं उजवं मनगट धरलं. नाडी छान लागत होती, मिनिटाला ऐंशी. बाबांनी डोळे मिटले, दंड अंगाशी घट्ट घेतले, आणि बोटांखालची नाडी मंद होत होत नाहीशी झाली. तिने बोटं सरकवून पुन्हा पाहिलं. काही नाही. 

पण सवय ही सवय. तिच्या विभागप्रमुख मॅडमनी पहिले सहा महिने तिला एकाही यंत्राला हात लावू दिला नव्हता. "आधी बोटं, मग कान, मग यंत्र," त्या बजावायच्या. "आणि नाडी एकाच जागी बघणारा डॉक्टर नव्हे, टपालवाला. एक दार वाजवलं, उघडलं नाही, निघाला पुढे." त्यामुळे तिचा दुसरा हात आपसूक बाबांच्या मानेवर गेला. तिथे नाडी धाडधाड उडत होती. मिनिटाला एकशे दहा.

"मामा, जरा वर या," तिने हाक मारली आणि स्टेथोस्कोप त्यांच्या कानांत घालून दुसरं टोक बाबांच्या छातीवर ठेवलं.

मामा बराच वेळ ऐकत राहिले. "माझं शिवणयंत्र एवढ्या जोरात चाललं, तर सुई मोडेल," ते म्हणाले.

सभागृहात कुजबूज झाली. शिष्याने माइक ओढून घेतला. "ते देहाचे ठोके नाहीत. तो आत्म्याचा प्रतिध्वनी आहे. स्टेंट बसवलेल्यांना तो जास्त ऐकू येतो."

लोकांनी समजुतीने माना हलवल्या. आता यावर काय बोलावं, असा विचार भाची करत होती, तोवर प्रतिध्वनीच्या नुसत्या उल्लेखाने भारावलेल्या मामी धावत मंचावर आल्या आणि त्यांनी बाबांपुढे डोकं टेकवलं. "बाबा, दोन्ही हात ठेवा डोक्यावर."

आशीर्वाद मागितला की हात उचलायचा, ही बाबांची अनेक वर्षांची सवय. त्यांनी हात उचलले. उजव्या काखेतून काहीतरी सुटलं, झग्याच्या आतून घरंगळलं आणि टप्प टप्प करत मंचाच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत गेलं. पिवळ्या ठिपक्यांचा रबरी चेंडू होता. एका सभ्य गृहस्थाने तो उचलून आदबीने परत आणला. "बाबा, आपला पडला."

मामांनी बाबांच्या झग्याची शिवण बोटांत धरली. "हा झगा माझ्याच हातचा," ते सावकाश म्हणाले. "या शिष्यानेच दोन्ही काखांत खिसे शिवून घेतले होते. कशाला, विचारलं, तर म्हणाला, घाम टिपायला."

भाचीने माइक घेतला. "हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी काखेतून जाते. तिथे चेंडू दाबला की मनगटाची नाडी लागत नाही. हृदय मात्र चालूच असतं. रुमालाची गुंडाळी करून आत्ता करून बघा, पण क्षणभरच."

पाचशे माणसांनी काखेत रुमाल घातले. मुख्याध्यापकांनी स्वतःची नाडी पाहिली आणि पांढरे पडले. "माझी बंद झाली."

"बोलताय ना, मग काही झालं नाही," त्यांच्या पत्नीने सांगितलं.

"चाळीस वर्षं 'काखेत कळसा' शिकवलं," मुख्याध्यापक खजील होऊन म्हणाले, "आणि काखेत बघायचंच राहिलं."

या गडबडीत बाबा आणि शिष्य मागच्या दाराने निघाले होते. तिथे लोकांनी त्यांना अडवलं आणि पोलिसांना बोलावलं.

मामांनी शब्द पाळला. गोळी तिथेच घेतली आणि मामी व भाचीबरोबर थेट रुग्णालयात गेले. मॅडमनी तपासलं. नशिबाने स्टेंट मोकळा होता.

"बाबांकडे का गेलात?" मॅडमनी विचारलं.

मामा जरा घुटमळले. "ते हात धरून दहा मिनिटं बोलायचे. इथे डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे बघून बोलतात. गोळी कशासाठी आहे, ते मला कोणी सांगितलंच नाही."

मॅडमनी भाचीकडे पाहिलं. तिची मान खाली गेली. मग तिने खुर्ची ओढली, कागदावर हृदय काढलं, रक्तवाहिनी काढली, तिच्यात जाळी काढली, आणि गोळी न घेतल्यास तिथे काय होतं ते सांगितलं. मामांनी चार प्रश्न विचारले. मामींनी नऊ विचारले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली.

"असंच विचारत जा," ती म्हणाली. "मला विचारा, मॅडमना विचारा. जो विचारू देत नाही, त्याचं औषध घेऊ नका. आणि चालू औषध कोणाच्याही चमत्कारावर विसंबून बंद करू नका."

"मग तू सांगतेस तेही तपासून बघू ना?" मामींनी विचारलं.

"जरूर बघा," ती म्हणाली आणि स्टेथोस्कोप त्यांच्या हातात दिला.