चुन्याचं रिंगण

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हांला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही, मग तुम्हांलाच काहून वाटावं? तुम्ही तर दर रविवारी आईच्या धाकानं मंडळात मराठी शिकायला येता आणि मास्तर यायच्या आत माठातलं पाणी एकमेकांच्या अंगावर उडवता. त्या माठाखाली पाहिलंत कधी? जिच्यावर थेंब पडून पडून शेवाळ धरलंय, तीच मी.

मी एक जुनी दाबफळी आहे. म्हणजे दोन लाकडी फळ्या, मधे टीपकागदांची चवड आणि वरून आवळायला चामड्याचे पट्टे. झाडाची फांदी फुलासकट आणून माझ्यात ठेवायची, पट्टे आवळायचे, आणि काही दिवसांनी काढली की ती पापडासारखी कोरडी आणि सपाट. मग कागदावर चिकटवायची. नीट सांभाळली तर तुमच्या नातवंडांनासुद्धा बघायला मिळेल. आता माझे पट्टे गेले, कागद गेले, उरल्या नुसत्या फळ्या. पण एकेकाळी माझा थाट काय वर्णावा!

मी मूळची जबलपूरजवळच्या कुंडमच्या रानातल्या सागाची. तो साग इतका उंच होता, की शेंड्यावरच्या पोपटाला खाली उतरताना वाटेत दोन मुक्काम करावे लागत. तो कापला आणि माझी पेटी केली, तोफेचे गोळे ठेवायची. जबलपूरच्या फॅक्टरीत मी गोळे पोटाशी धरून निजत असे. एकदा एका गोळ्याला वाईट स्वप्न पडलं आणि तो फुटायच्या बेतात आला. मी त्याला थोपटून परत निजवला, म्हणून हे शहर आज जागेवर आहे. सरकारनं मला पदक द्यायचं, तर मोडीत काढलं.

मोडीतून मला बाबारावांनी उचललं. बाबाराव फॅक्टरीत सुतार होते. त्यांची मुलगी हेमलता एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, आमच्या बाईंना फुलं दाबायची फळी पाहिजे."

"फुलं दाबायची? फुलांचा वास घेतात पोरी. दाबतात ते लिंबू."

"बाबा, मस्करी नका करू ना. विज्ञानाचं काम आहे."

"अच्छा, विज्ञानाचं! मंग करून देतो. विज्ञानाले नाही म्हणू नये, बॉम्ब टाकते."

अशी मी शाळेत आले, सत्यवतीबाईंच्या हाती.

आमची मराठी शाळा मदनमहालच्या टेकडीखाली होती. शाळेमागे काळे प्रचंड दगड एकावर एक रचल्यासारखे पडलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी जमिनीचा एक ओबडधोबड तुकडा. सगळे त्याला उकिरडा म्हणत. सत्यवतीबाई त्याला वर्ग म्हणत. ओमती नाल्याकाठच्या भाड्याच्या खोलीतून सायकलवर यायच्या, खडू-डस्टर टेबलावर ठेवायच्या आणि अख्खा वर्ग घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायच्या. तरोटा, आघाडा, माका, गुळवेल, कळलावी. पोरं नावं घोकत नसत, त्या झाडांशी त्यांची ओळखच होई. बाईंचा नियम कडक होता. एका जातीच्या झाडाची एकच फांदी घ्यायची, तीही तसली पुष्कळ झाडं दिसली तर. नाहीतर गुडघ्यावर बसून नुसतं बघायचं.

माझ्यात काय काय दाबलं म्हणून सांगू! एका श्रावणात ओमती नाल्याला पूर आला. बाईंनी त्यातला ओंजळभर उचलून माझ्यात ठेवला आणि पट्टे आवळले. आठ दिवसांनी उघडलं तर कागदावर वाळलेला पूर! त्याच्या मधोमध एक मासोळी, तोंड उघडं.

बघा, ती मनीषा हसतेय. तीच, जिला मराठी सगळं समजतं आणि बोलायला लागली की हिंदीत घसरते.

"फळीआजी, बाढ़ को कोई सुखाता है क्या?"

सुखाता है, बेटा. तू ऐक तर.

मित्रांनो, त्या उकिरड्याची राणी होती दवबिंदू. एका काळ्या दगडाच्या फटीतून थंडीतही पाणी पाझरायचं. त्या ओलसर रेताड मातीत ती उगवायची. रुपयाएवढी लाल चकती, जमिनीला चिकटलेली. पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की चिकटलं. मग केस हळूहळू त्याच्यावर मिटत आणि झाड त्याला जिरवून टाकी. पोरं पालथी पडून तासभर बघत. ही मात्र मी थाप मारत नाही.

"बाई, ही तर भय्यासाहेबांसारखी आहे," एक पोरगा म्हणाला. "दिसते गोड अन् गेलं की पकडते."

भय्यासाहेब म्हणजे मुख्याध्यापक. ते मागंच उभे होते. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मनाचा मोठा माणूस.

ही दवबिंदू शहरात दुसरीकडे कुठेच बाईंना सापडली नव्हती. चांगली पसरली तेव्हा त्यांनी एक रोप काढलं आणि माझ्यात ठेवलं. कागदावर त्या दिवसाची तारीख घातली.

बरगीचं धरण भरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा बातमी आली. जिल्ह्यातली एक शाळा निसर्ग शिक्षणाचं केंद्र होणार होती. गावोगावचे शिक्षक तिथे येऊन शिकणार, पोरांची शिबिरं होणार. कुंडमकडची पोरं येणार, धरणात ज्यांची गावं गेली ती पोरंही येणार. त्याआधी निवडक शिक्षकांना पचमढीला प्रशिक्षण. बाईंचं नाव त्यात लागलं. आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांचा त्या मागच्या जागेवर डोळा होताच. त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं, "केंद्र मिळालं तर जागा तुमची. नाही मिळालं तर आम्ही ती भाड्यानं देऊन टाकू."

बाई पचमढीला निघाल्या. त्या परत येतील त्याच दिवशी समिती जागा बघायला येणार होती. जाताना बाईंनी भय्यासाहेबांना सगळं समजावलं. तक्ते कुठे लावायचे, दाबलेली झाडं कुठल्या टेबलावर मांडायची, चहा कोण करणार.

"तुम्ही बिनघोर जा, बाई. मी आहे ना. तुम्ही शाळेचं नाव काढून राहिल्या, आम्ही एवढं नाही करायचं?"

एक गोष्ट बाईंची सांगायची राहिली. पण रान झाडून काढू नका, असं कुणी कुणाला सांगतं का?

आमच्या शाळेची एक रीत होती. कुठलाही साहेब येणार म्हटलं की श्रमदान. आवार खरवडून स्वच्छ करायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना. तेवढं केलं की साहेबाचा मान राहिला. शनिवारी भय्यासाहेबांनी शिट्टी फुंकली आणि अख्खी शाळा मागच्या जागेवर उतरली. खुरपी, फावडी, घमेली. बाईंवर जीव टाकणारी पोरं सगळ्यांत पुढे. जितकं जास्त उपटू तितकी बाईंची मान उंच, असंच त्यांना वाटत होतं. दुपारपर्यंत जमीन धुतलेल्या पाटीसारखी झाली. ज्या पोरानं बाईंजवळ बसून माक्याची फुलं मोजली होती, त्यानंच माका उपटून घमेल्यात टाकला.

मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी होते. मी ओरडले. पण लाकूड ओरडलं तर नुसती कुरकुर ऐकू येते. शिपाई म्हणाला, "चूहा है."

एकटी हेमलता त्या काळ्या दगडापुढे हात पसरून उभी राहिली.

"सर, हे नका काढू. ही बाईंची दवबिंदू आहे."

भय्यासाहेब धोतर सावरत खाली बसले, चष्मा पुसून त्यांनी बघितलं. "हो की! हीच ना ती? बरं केलंस बेटा. हिच्यासाठीच तर साहेब येऊन राहिले. पण एवढीशी तर आहे. कुणाचा पाय पडला तर?"

"मंग काय करू, सर?"

"रिंगण घाल तिला. छान, ठळक."

हेमलतानं दगड वेचून आणले, गोल मांडले, दोनदा चुना दिला. उरलेली भुकटी रिंगणाच्या आत पसरली, पांढऱ्या रांगोळीसारखी, दवबिंदूच्या अगदी कडेपर्यंत. एक कणही तिच्या पानावर पडू दिला नाही. मग दप्तर घेऊन तिथंच राखण करत बसली.

दगडातून पाणी पाझरत होतं. ते चुन्यात उतरलं आणि चुना घेऊन मुळांशी गेलं. पहिल्यांदा थेंब गेले. मग केस आखडले. सोमवारी सकाळी त्या पांढऱ्याशुभ्र रिंगणात एक काळा डाग होता.

बाई स्टेशनवरून थेट शाळेत आल्या. हातात बॅग, चेहऱ्यावर पचमढीचं ऊन. भय्यासाहेब त्यांना मागं घेऊन आले.

"बघा बाई! एक काडी दिसली तर सांगा!"

बाईंनी सगळीकडे बघितलं. बॅग खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. म्हणाल्या, "खूप मेहनत घेतलीत, सर."

हेमलता धावत आली. "बाई, मी कुणालेच पाय नाही ठेवू दिला. पण ती अशी काहून झाली? चुन्यानं झाली का?"

बाई तिच्याजवळ बसल्या. "नाही गं. तिचा हंगामच संपत आला होता."

थंडी अजून निम्मीही सरली नव्हती. दवबिंदूला पुढचे दोन महिने फुलायचं होतं. मी आयुष्यात पुष्कळ थापा ऐकल्या, पण इतकी हळू आवाजातली थाप कधी ऐकली नाही.

समिती आली. चहा झाला. साहेबांनी जागेवर नजर फिरवली.

"सत्यवतीजी, यहाँ बच्चों को क्या दिखाएँगी? ग्राउंड बढ़िया है, वॉलीबॉल के लिए।"

बाईंनी मला टेबलावर ठेवलं, पट्टे सोडले, एकेक कागद उघडला. तरोटा, माका, कळलावी. शेवटी दवबिंदू, लाल, सगळे केस शाबूत. साहेब वाकले. त्यांना ती ओळखीची होती.

"यह तो पचमढ़ी में भी होता है। आप वहीं से आ रही हैं ना?"

"हे मागच्या वर्षीचं आहे, सर. कागदावर तारीख आहे."

"तारीख का क्या है, बहनजी। कोई भी डाल ले।"

भय्यासाहेब पुढे झाले. "नहीं साहब! यहीं था। मैंने अपनी आँखों से देखा।"

"तो गया कहाँ?"

भय्यासाहेबांनी रिंगणाकडे बोट केलं. बोट तसंच राहिलं. ते रिंगणाकडे बघत होते, मग स्वच्छ जमिनीकडे, मग आपल्या हातांकडे, ज्यांच्या रेघांत अजून चुना होता. त्या माणसाला मी त्यानंतर मोठ्यानं हसताना ऐकलं नाही.

माझ्या पोटात खरं होतं, मित्रांनो. जन्मात एकदाच मला साक्ष द्यायची होती, आणि मला तोंड नव्हतं.

केंद्र दुसऱ्या शाळेला गेलं. तिथे म्हणे दोन वर्षं पाटी होती, मग पाटीही गेली. आमची जागा संस्थेनं भाड्यानं दिली. बाई पुन्हा मागच्या दारानं बाहेर पडल्या नाहीत. पुढे पर्यावरण हा विषयच पुस्तकात आला. बाई फळ्याकडे तोंड करून व्याख्या लिहीत, पोरं उतरवून घेत, परीक्षेत तीच पुन्हा लिहीत. पोरं पास होत होती, बाईंना बक्षीसही मिळालं. हेमलता पहिल्या बाकावर बसून सगळं लिहून घ्यायची. तिनं एकदाही हात वर केला नाही. नंतर ती लग्न होऊन नागपूरला गेली. बाबाराव एकदा मला बघायला आले होते, माझ्यावरून अंगठा फिरवून गेले.

निवृत्त झाल्यावर बाईंनी मला मंडळाला दिलं. कपाटात ठेवा म्हणाल्या. कपाटात वाळवी होती. तिनं तरोटा खाल्ला, कळलावी खाल्ली, आणि मग ती दवबिंदूपाशी आली. जिनं आयुष्यभर किडे खाल्ले तिला शेवटी किड्यांनी खाल्लं. बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी आधीच माठाखाली होते.

पण मित्रांनो, अशी तोंडं पाडू नका. तुम्हांला म्हणून सांगते. चुना काही कायमचा राहत नाही, पाऊस त्याला धुऊन नेतो. आणि दवबिंदूचं बी धुळीपेक्षा बारीक असतं. दगडाच्या फटीत एखादा कण कुठेतरी राहिलाच होता. गेल्या थंडीत त्या काळ्या दगडाखाली ती परत उगवली. एक नाही, चांगली ताटभर जागा लाल झालीय. बाजूला तरोटा आलाय, माका आलाय, सगळं हिरवंगार. तर तुम्ही एवढंच करा. मास्तरांना घेऊन एकदा तिथं जा. काही उपटू नका, काही रंगवू नका, नुसतं पालथं पडून बघा. तुमच्यातल्या एखाद्यानं जरी तिला...

"झूठ!"

मनीषा उभी राहिली होती. हातातला पाण्याचा पेला तसाच.

"फळीआजी, तू झूठ बोलतेस. मदनमहलच्या मोठ्या पत्थरांच्या खाली ना? स्कूल के पीछे? तिथं तर मॅरेज गार्डन आहे. माझ्या मावशीचं लग्न तिथंच झालं, गेल्या थंडीत. हिरवं आहे, सगळं हिरवं आहे, पण ते गवत प्लास्टिकचं आहे. मी कोपरा उचलून पाहिला, आजी. खाली फरशी आहे."