उत्तरांची पाने

पुस्तकाचे दोष आधी लिहावेत, गुण मागाहून, असा माझा नियम. जुनी पुस्तकं विकणारे दुकानदार माझ्याकडे पुस्तकं पाठवतात आणि मी त्यांची वर्णनं लिहून देते. छपाई शिळेवरची की खिळ्यांची, बांधणी मूळची की नंतरची, कसर कुठे लागली, कुठल्या पानावर कुणी चहाचा कप टेकवला. "आभाताई, तुमचं वर्णन वाचून गिऱ्हाईक पळतं," असं ते म्हणतात. पळू दे. ज्याला डाग चालत नाही त्याने कोरं करकरीत पुस्तक घ्यावं आणि न वाचता कपाटात ठेवावं.

नवीन पनवेलच्या माझ्या दोन खोल्यांत पुस्तकं आहेत आणि मी आहे. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की मी खिडक्या लावून घेते, नाहीतर माझा घसा धरतो आणि कागद पिवळा पडतो. लग्न केलं नाही. शाळेतली नोकरी संपली तशी बाईंना भेटायला येणारी माणसंही संपली. एकटीने राहायची मला सवय आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते काही पूर्ण खरं नव्हतं, कारण माझे रविवार भरलेले होते.

त्याचं असं झालं. शिळाछापाचं एक कोड्यांचं पुस्तक मला रद्दीवाल्याकडे मिळालं. म्हणजे अर्धंच. पुढे सगळी कोडी आणि मागे सगळी उत्तरं अशी त्याची रचना, आणि माझ्याकडे नुसती कोडी. कुणीतरी शिवण उसवून पुस्तकाचे दोन तुकडे केले होते. पुस्तक तोडणाऱ्याचे हात तोडावेत, अशा मताची मी. जुन्या पुस्तकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी वर्णन टाकलं: 'दोष: उत्तरांची पाने नाहीत.' संध्याकाळी फोन आला.

"बाय, मी गव्हाणवरनं कमळाकर बोलतो. तुमची उत्तरं माज्याकडं हायेत."

माझा विश्वास बसेना. माझ्या शेवटच्या पानावर कसरीने भोक पाडलं होतं, त्याची जागा मी त्यांना सांगितली. पट्टी शोधून, मापं घेऊन ते म्हणाले, "माज्या पयल्या पानाला तितंच भोक हाय." एकाच किड्याने आमचं दोघांचं पुस्तक खाल्लं होतं.

मी म्हटलं, तुमची पानं मला द्या. ते म्हणाले, तुमी द्या. त्यांच्या घरची मिठागरं गेली, जमीन गेली, मोबदल्याच्या पैशांतून बंगला आला. त्या बंगल्यात एका कपाटात ते जुनी पुस्तकं जमवत आणि घरचे त्यांना हसत. माणूस माझ्याइतकाच हट्टी. शेवटी तह झाला. दर रविवारी सकाळी त्यांनी फोन करायचा. मी एक कोडं वाचायचं आणि उत्तर ओळखायचं. त्यांनी आपल्या पानात बघून नुसतं 'हाय' नाहीतर 'नाय' म्हणायचं. उत्तर सांगायचं नाही.

"पाण्यात जन्मलं, उन्हात वाढलं, आईला भेटायला गेलं नि आईतच विरलं," एकदा मी वाचलं.

"सांगा."

"बर्फ."

ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "बर्फ उन्हात वाढतं व्हय, बाय? नाय."

पुढच्या रविवारी मी ढग म्हटलं. नाय. त्याच्या पुढच्या रविवारी वाफ. नाय. जन्मभर मराठी शिकवलेली मी, पण डोकं चालेना. मग एके दिवशी आमटीत मीठ घालताना हात तसाच थांबला. वार कुठला ते न बघता मी फोन लावला.

"मीठ!"

"हाय," ते म्हणाले. "आमचा सगला जलम त्याच्यातच गेला, बाय."

आम्ही कधी भेटलो नाही. गव्हाण काही लांब नाही. पण भेटलो असतो तर पुस्तक जोडावं लागलं असतं, आणि जोडल्यावर फोन कशाला करायचा? हे दोघांनाही कळत होतं.

यंदा एका रविवारी फोन आला नाही. मी केला तर तो बंद. म्हातारा रुसला वाटतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्याशी चांगलं कडाकडा भांडून घेतलं. पुढच्या रविवारीही तेच. मग एका दुपारी दारात पिशवी घेतलेला एक माणूस उभा राहिला.

"मी प्रणित. कमळाकर माजे वडील," तो म्हणाला. "बाबा गेले."

मी त्याला आत बसवलं. त्याने पिशवीतून फडक्यात बांधलेली पानं काढून टेबलावर ठेवली.

"रविवारी कुनाशी बोलायचे ते आमाला ठाऊकच नव्हतं. हॉस्पिटलात पन सारखं विचारायचे, आज रविवार हाय का. बोलले, ही पानं पनवेलच्या बायला द्या, पत्ता पुस्तकांच्या ग्रुपवर भेटंल. आता जोडून घ्या म्हनावं."

चहा अर्धा ठेवून तो गेला. मी दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले. भोकाला भोक जुळलं. ओलीचा डागही इकडून निघून तिकडे सलग गेला होता. अशी पूर्ण प्रत दुसरीकडे कुठे असल्याचं मी ऐकलेलं नाही. मला हर्ष व्हायला हवा होता. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

रविवारी सकाळी चष्मा पुसून बसले. उरलेल्यातलं एक कोडं मोठ्याने वाचलं, उत्तरही मोठ्याने बोलले. मग त्यांची पानं हातात घेतली, पण उघडवेनात. उघडली असती तर उत्तर मिळालं असतं. मला ते नको होतं. मला कुणीतरी 'नाय' म्हणायला हवं होतं.

दुपारपर्यंत तशीच बसून राहिले. बांधणीवाल्याला फोन करायचा होता, तो केला नाही. कमळाकरांनी जोडायला सांगितलं होतं. त्यांचं मी आजवर कधी ऐकलं होतं, की आता ऐकू? कागद ओढला आणि वर्णन लिहिलं. ते ग्रुपवर टाकलं.

'कोड्यांचे पुस्तक, शिळाछाप. केवळ उत्तरांची पाने. गव्हाणच्या एका गृहस्थांनी जिवापाड जपलेली. पहिल्या पानास कसरीचे भोक. विकायची नाहीत, योग्य माणसास देणे आहे. देणाऱ्या बाईने आतील मजकूर वाचलेला नाही आणि तिला तो कुणी सांगू नये. दोष: कोड्यांची पाने नाहीत. ती पनवेलला आहेत आणि रविवारी सकाळी घरीच असतात.'