आधी कुणी जायचं

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात संशोधन विभाग होता. म्हणजे स्टोअरच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली खोली, तीत सर्जेराव साहेब, मी आणि एक टेबलपंखा. आमची कुठलीही कल्पना ऐकली की पंखा सावकाश नाही-नाही अशी मान हलवायचा. त्याचा अनुभव आमच्यापेक्षा जास्त होता.

संशोधन होतं बिनड्रायव्हरच्या गाडीचं. एक नंबर शेडमधलं ओतीव लोखंडाचं कास्टिंग उचलून दोन नंबर शेडला पोचवायचं, एवढंच तिचं आयुष्य. पहिल्या वर्षी ती जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायला शिकली. दुसऱ्या वर्षी समोर माणूस दिसला की थांबायला. तिसऱ्या वर्षी आम्ही तिला जोडीदारीण केली आणि दोघींत बिनतारी बोलणं घालून दिलं. पुढची थांबली की मागचीला कळवायची, मग मागचीही थांबायची. मागं सरकणं चौथ्या वर्षासाठी राखून ठेवलं होतं.

तोवर हा माल कडूबामामा हातगाडीवर ढकलायचे. अजिंठ्याकडचा धनगर माणूस. बाप आणि आजा मेंढरांपुढं चालून चालून गेले. मामांना चालायचा वीट आला म्हणून ते कारखान्यात लागले आणि चालत राहिले. आता त्यांचे गुडघे उठताना दार उघडल्यासारखे वाजायचे. साहेबांनी त्यांना शब्द दिला होता : पुण्याच्या हेड ऑफिसातल्या पाहुण्यांनी गाड्या पास केल्या की गेटजवळच्या केबिनीत बसून गाड्यांवर लक्ष ठेवायचं काम. नापास केल्या तर हातगाडी होतीच. यंत्र आलं की कामं जातील म्हणून युनियन घाबरायची. मामा घाबरायचे ते आपलं काम जाता जाता राहील म्हणून.

"होईल ना हो पास?" ते मला रोज विचारायचे.

"होईल मामा."

"तुमच्या तोंडाकडं बघून तसं वाटत नाय."

पाहुणे आले तो शहरात विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचा दुसरा दिवस होता. कंपनीची बस पोलिसांनी क्रांती चौकातच थांबवली. मामा तिथून चालत आले. आमचा फिटर कचरू आदल्या दिवशी विद्यापीठाच्या गेटापर्यंत घोषणा देत चालला होता. त्याचा आवाज बसला होता आणि पाय सुजले होते. मी सायकलवर आलो होतो, पण माझी चौकशी कुणी केली नाही.

दोन शेडांमध्ये एक बोळ आहे. दोन्हीकडं भिंती, गाडी जाईल एवढीच जागा, मधे एक वळण. पाहुणे पलीकडच्या दारात उभे. साहेबांनी योजना आखली : आम्ही चौघांनी गाड्यांच्या पुढं चालत जायचं, पलीकडं ओळीत उभं राहायचं आणि गाड्या आल्या की टाळ्या वाजवायच्या. सगळ्यात पुढं नारळ घेतलेला स्टोअरचा हमाल मुंजाबा, मग मामा, कचरू, मी. आमच्यामागं पहिली गाडी, तिच्यामागं दुसरी, दुसरीच्या मागं साहेब.

वळणाच्या अलीकडं कँटीनचं मांजर मोरीतून निघालं, आमच्यासमोरून आडवं गेलं आणि खिडकीत चढलं.

मुंजाबा थांबला. आम्ही थांबलो. समोर माणसं दिसली म्हणून पहिली गाडी थांबली आणि तिनं बझर वाजवला. तिनं दुसरीला कळवलं, दुसरी थांबली. साहेबांना कुणी कळवलं नव्हतं, ते दुसरीवर आदळले.

"काय झालं?" ते मागून ओरडले.

"मांजर आडवं गेलं, साहेब," मुंजाबा म्हणाला.

"मग?"

"मग काय? आता दुसरं कुणीतरी आधी जायला पायजे."

दुसरं कुणी म्हणजे गाडीच होती. पण आम्ही पुढून हलल्याशिवाय गाडी हलणार नव्हती आणि गाडी गेल्याशिवाय आम्ही हलणार नव्हतो. बाजूला व्हायला भिंती होत्या. लाल बटण दाबलं असतं तर गाडी बंद पडली असती आणि चाचणीही.

"आन गाडी आधी गेली तरी काय उपेग?" मुंजाबा म्हणाला. "तिच्यात माणूसच नाय. अपशकून लागंल कुणाला? कुणाला लागलाच नाय तर उतरला कसा म्हणायचा?"

हा प्रश्न आमच्या तीन वर्षांच्या संशोधनात आलाच नव्हता.

"मग तू जा की लेका, तू पुढंय," कचरू म्हणाला.

"माझ्या हातात नारळंय. मी कसा जाऊ? कचरू, तू जा. तुझं नाव कचरूच ठेवलंय, तुला कशाची नजर लागत नाय."

"मग ह्यांचं कडूबा काय गोड म्हणून ठेवलंय?"

"तू तर मानत नाय ना असलं काही?"

"नाय मानत," कचरू बसलेल्या आवाजात म्हणाला.

"मग जा की! तुला काय फरक पडतो?"

"मांजराचं मला काय नाय. पण अपशकून तुमचा, अन् अंगावर मी घ्यायचा, व्हय? दर बारीला तुमची घाण आमच्याच वाट्याला. आज नाय जात." त्यानं भिंतीला पाठ टेकली. "लई चाललो काल. बसतो जरा."

आणि तो बसला. गाडीनं पुन्हा बझर वाजवला. मुंजाबा नारळाकडं बघायला लागला. मी जाऊ शकलो असतो. पण मी मांजर मानत नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं आणि घरून निघताना आई दही देते, एवढा माझा शास्त्रीय दृष्टिकोन. मी साहेबांकडं बघितलं. ते दिसत नव्हते.

पलीकडून पाहुण्यांचा आवाज आला, "अहो, निघाल्यात का गाड्या?"

मामांनी तो ऐकला. मग ते मुंजाबाला म्हणाले, "सरक." मुंजाबा भिंतीला चिकटला. "माझं आता अजून काय वाईट व्हायचंय," असं म्हणून मामा मांजराची वाट ओलांडून एकटे पुढं गेले.

अपशकून उतरला होता. मुंजाबा, मी आणि हात देऊन उठवलेला कचरू असे आम्ही मांजराच्या वाटेपलीकडं, भिंतीतल्या मीटरच्या कोनाड्यात कोंबून उभे राहिलो. मामांना मात्र कोनाडा नव्हता. ते पुढं चालत राहिले, त्यांच्यामागं ठरावीक अंतर राखून पहिली गाडी, तिच्यामागं दुसरी. मामा थांबले की दोघी थांबत. मामा निघाले की दोघी निघत.

पाहुण्यांना वळणातून आधी मामा दिसले, मग गाड्या.

"हे कोण?" मोठ्या पाहुण्यांनी विचारलं.

साहेब शेडला बाहेरून वळसा घालून धावत आले होते, घामाघूम. "हे... हे प्रणालीचाच भाग आहेत, सर."

पाहुणे खूश झाले. गाड्या माणसाच्या चालीनं चालतात, माणसाला धक्का लागत नाही, असं त्यांनी कुठंच पाहिलं नव्हतं. त्यांनी गाड्या पास केल्या. आहे त्या प्रणालीसकट.

मी साहेबांना केबिनीचं विचारलं. साहेब म्हणाले, आता पुण्याला काय कळवायचं? प्रणालीचा एक भाग केबिनीत बसलाय म्हणून? पंख्यानं मान हलवली.

सोमवारपासून मामा गाड्यांपुढं चालायला लागले. ढकलायचं नव्हतं, एवढं खरं. परवा बोळात ते गुडघा दाबत थांबले, तर मागं पहिलीनं बझर वाजवला आणि मग कळवल्यामुळं दुसरीनंही.

"मेंढरं बरी होती," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "आपण थांबलं की ती चरायची. वराडत नव्हती."