जीप की अल्टो

वारलूने जीपचं बोनेट उघडलं, आत हात घातला आणि धामणीला शेपटीकडून ओढून काढून अंगणातल्या दगडावर आपटलं. तिचं तोंड फुटलं तरी तो आपटतच राहिला. दगड लाल झाला तेव्हा थांबला.

"धामण होती न थे," त्याची बायको कमळा चुलीपासून उठून दारात आली होती. "सोडून देली असती तं वावरात गेली असती."

"वावरात काऊन जाईन? इथी गरम हाय, फुकटचं हाय. पशिंजरच्या पायात निघाली असती तं सारी जीप खाली झाली असती माही." त्याने धामण काट्याच्या कुंपणापलीकडे भिरकावली, हात धुतले आणि ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीकडे पाहून हसला. "काऊन वो उर्वशी, बुक वाचून राह्यली का बाप पाहून राह्यली?"

"दोन्ही," उर्वशी म्हणाली.

दिवाळीनंतरचा रविवार होता. उर्वशी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. सुट्टी संपली की वारलू तिला जीपने पहाड उतरवून गडचांदूरपर्यंत सोडायचा. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी चार माणसं कोंबलेली असली तरी खिडकीची जागा तिचीच. त्या दिवशीही तसंच झालं. जिवतीच्या स्टँडवर दोन पशिंजरांवरून त्याचं विक्की नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरशी वाजलं. वारलूने त्याची कॉलर धरून त्याला त्याच्याच गाडीच्या जाळीवर दाबलं आणि शर्टाची बटणं लावत परत आला.

"बाबा, किती वेळा?"

"नंबर त्याचा नोता. नंबराच्या आधी माणूस उचलला का मार खायचा. स्टँडचा कायदा हाय." मग घाट संपेपर्यंत तो गाणं गुणगुणत होता. गडचांदूरला त्याने तिच्या पिशवीत सीताफळं कोंबली. पिकलेली एक बाजूला आणि कच्ची दुसऱ्या बाजूला, नीट वेगळी केलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला.

जिवतीच्या स्टँडवर गाड्या नंबराने लागतात. स्टँड सांभाळणारे सुनिलभाऊ वहीत नंबर लिहितात. पुढची गाडी भरल्याशिवाय मागची हलत नाही. त्या सोमवारी विक्कीचा नंबर पहिला होता आणि वारलूचा चौथा. कोलामांच्या वस्तीवरून रंभा नावाच्या बाईला खाटेवर घालून आणलं. तिचे दिवस भरले होते आणि पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. वारलूने नंबर पाहिला नाही. तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. एवढ्यावर कोणी काही बोललं नसतं. पण जीप निघते आहे म्हणताना चार माणसं पिशव्या घेऊन पुढे चढली आणि वारलूने त्यांना उतरवलं नाही. रिकामी जागा घेऊन घाट उतरायची त्याला सवय नव्हती. विक्कीने हात घालून चावी काढली. वारलूने सीटखालचा जॅकचा दांडा काढून त्याची हासळी मोडली. विक्कीने पडल्या पडल्या दोन्ही पायांनी त्याच्या पोटात लाथ घातली आणि वारलूचं डोकं मोरीच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. दोघं धुळीत आडवे असताना तिसऱ्याच एका ड्रायव्हरने चावी उचलून जीप नेली. घाटातच रंभाला मुलगी झाली.

वारलूभाऊने जीव दिला, पण बाई वाचवली, असं पहाडावर सगळे म्हणू लागले. ते खोटंही नव्हतं.

जानेवारीत पोलिसांनी जीप परत दिली. प्रफुलने ती धुतली, हार घातला आणि अंगणात अल्टोच्या शेजारी उभी केली. उर्वशीचा हा भाऊ सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. अल्टो उर्वशीने चार वर्षांपूर्वी कर्जावर घेऊन गावात ठेवली होती. कमळाच्या डोळ्यांत काचबिंदू होता, दर महिन्याला तिला चंद्रपूरला न्यावं लागायचं. एरवी प्रफुल तीच घेऊन ड्यूटीवर जायचा.

आता घरात वारलूची रोजची कमाई नव्हती. अल्टोचा हप्ता, दोन्ही गाड्यांचा विमा, आणि मार्चमध्ये जीपचं फिटनेस सर्टिफिकेट. दोन्ही गाड्या ठेवता येणार नव्हत्या, एवढं तिघांनाही कळत होतं. हिशेबाने जीप जायला हवी होती. वीस वर्षं जुनी, चालवायला कोणी नाही, आणि कोरपन्याचा एक माणूस परमिटसकट घ्यायला तयार. चांगली किंमत देत होता. रविवारी दुपारी तो गाडी बघायला येणार होता.

उर्वशी शनिवारीच आली. ठरवूनच आली होती. अल्टो द्यायची, जीप ठेवायची. आईला आपण रजा घेऊन एसटीने नेऊ. बसमध्ये तिने हे मनात इतक्या वेळा घोळवलं होतं, की त्यात काही खोट उरली नाही असं तिला वाटू लागलं होतं.

रविवारी सकाळी ती जीपमध्ये जाऊन बसली. पुढे बसवेना म्हणून मागे बसली. डिझेल, तंबाखू, धुतलेल्या रेक्झिनचा दर्प. समोर स्टिअरिंग आणि उजवीकडे ड्रायव्हरचं दार. याच जागेवर बसून तिने ते दार पाहिलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती, प्रफुल दोन वर्षांचा. जीप नवी आणली होती. बाबा मोहाच्या झाडाखाली झोपले होते आणि आई फडक्याने डॅशबोर्ड पुसत होती.

"आई, चाबी फिरवून पाह्य न," उर्वशी मागून म्हणाली होती.

आईने आजूबाजूला पाहिलं. मग ती हसली, सगळे दात दिसतील अशी, आणि स्टिअरिंगमागे सरकून चावी फिरवली. गाडी गिअरमध्ये होती. जीपने उडी मारली आणि बैलबंडीच्या चाकाला धडकली. डावा दिवा फुटला. आई अजून हसतच होती. उतरताना तिने डावा हात दाराच्या चौकटीला टेकवला होता.

बाबा आले. दिव्याकडे पाहिलं. चौकटीवरच्या हाताकडे पाहिलं. मग दार धाडकन लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

त्यानंतर त्यांनीच आईला उचललं आणि पाऊण तासाचा घाट अर्ध्या तासात उतरवला. वाटभर ते रडत होते. दवाखान्यात ते चिठ्ठी काढायला गेले असताना डॉक्टरने उर्वशीला विचारलं, कसं झालं, बेटा? दार लागलं, ती म्हणाली. असं सांग म्हणून तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्या हाताची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत.

उर्वशी जीपमधून उतरली तेव्हा आई अंगण झाडत होती. दोघींची नजर भेटली. आईने झाडू दुसऱ्या हातात घेतला आणि झाडत राहिली.

दुपारी सुनिलभाऊ आले. चार वाजेपर्यंत कोरपन्याचा माणूसही येणार होता. प्रफुलने खुर्च्या काढल्या. कमळा स्टुलावर चहाचे काचेचे पेले ठेवून ओट्याच्या कडेला बसली.

"स्टँडवाल्यायचं एकच म्हणणं हाय," सुनिलभाऊ म्हणाले. "जीप नोका विकू. आमी वर्गणी करतो, फिटनेस काढून देतो. वारलूभाऊ गेल्याची तारीख आली का जीप स्टँडवर आणायची, हार घालायचा. पोट्टे पाहतीन, का असाबी ड्रायव्हर होता."

"थ्या अल्टोत काय हाय?" प्रफुल म्हणाला. "बसलं का गुडघे तोंडात येतात."

"तुये येत असतीन. तू उंट हायेस." सुनिलभाऊ हसले. मग उर्वशीकडे वळले. "पण गाडी हिच्या नावावर हाय. हिले इचारा."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"अल्टो विका," ती म्हणाली. "मी सही करून देते."

प्रफुलने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. सुनिलभाऊंनी मोठा श्वास सोडला, चहा संपवला, पेला खाली ठेवला. काम झालं होतं. उठता उठता, रीत म्हणून, त्यांनी विचारलं,

"कमळाबाई, तुमचं काय म्हणणं हाय?"

"जीप विका," कमळा म्हणाली.

सुनिलभाऊ अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"काय?" प्रफुल म्हणाला.

"जीप विका. मले नाई पाह्यजे थे अंगणात."

तिचा आवाज चढला नव्हता. चुलीत लाकूड सारायला सांगावं, तसं तिने सांगितलं होतं. प्रफुल आधी हसला. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"अल्टोत बसून चंद्रपूर फिराची आदत लागली तुले. बाप जाऊन तीन महिने नाई झाले!"

"प्रफुल," उर्वशी म्हणाली.

त्याने लाथ मारली. स्टूल उडालं, पेले फुटले आणि काच ओट्यापर्यंत आली. त्याने कमळाचं मनगट धरून तिला उठवलं. तिचा पाय काचेवर पडला, तरी त्याने ओढत तिला जीपपाशी नेलं. तिच्या पावलामागे मातीत एकाआड एक लाल ठिपके उमटत गेले.

"पाह्य! हात लाव! बाबाचा जीव हाय याच्यात!" त्याने तिचा हात दारावर दाबून धरला.

"सोड रे पोट्ट्या, माय हाय थे," सुनिलभाऊ म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

कमळाने हात सोडवून घेतला नाही. मान थोडी खाली घातली, डोळे मिटले आणि खांदे आत ओढून घेतले. हे पटकन उरकेल, एवढीच वाट ती पाहत होती. उर्वशीने तिला तशी उभी राहिलेली लहानपणापासून पाहिलं होतं. स्वयंपाकघरात, विहिरीवर, लग्नाच्या मांडवामागे. पुढे हॉस्टेलवर राहायला गेल्यावर तिने ते पाहणं बंद केलं होतं.

"बाबानं काय नाई केलं हिच्यासाठी?" प्रफुल सुनिलभाऊंकडे बघून ओरडत होता. "साऱ्या पहाडाले माहीत हाय. हात दारात सापडला तं अर्ध्या तासात घाट उतरवला! दुसरा असता तं हात कापावा लागला असता. आन् हे म्हणते, जीप विका!"

"खरं हाय," सुनिलभाऊ म्हणाले. "मी होतो तवा स्टँडवर. वारलूभाऊ लहान लेकरावानी रडत होता."

"सापडला नोता," उर्वशी म्हणाली.

तिला वाटलं होतं आवाज फाटेल. फाटला नाही.

"काय?"

कमळाने डोळे उघडले. "उर्वशी. राहू दे."

"सोड तिचा हात, प्रफुल."

त्याने सोडला. तिच्या बोलण्याने नव्हे, ती चालत त्याच्या इतक्या जवळ आली होती म्हणून. बाहेर रस्त्यावर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. कोरपन्याचा माणूस असावा. कोणी तिकडे पाहिलं नाही.

"राहू दे न वो," कमळा पुन्हा म्हणाली. "मेला थो आता."

उर्वशीने तिच्याकडे पाहिलं. मग सुनिलभाऊंकडे. या माणसाने उद्या स्टँडवर जे सांगितलं असतं, तेच पहाडावर राहिलं असतं. आणि घाट उतरताना खिडकीची जागा देणारा, कच्ची आणि पिकलेली सीताफळं वेगळी करणारा माणूस तिला आणखी काही दिवस तसाच हवा होता.

"चाबी फिरव म्हणून मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "मी मांगं बसली होती. गाडी बंडीले धडकली, दिवा फुटला. बाबा आले. आईचा हात चौकटीवर होता. त्यायनं हात पाह्यला, आन् दार लावलं. मंग उघडलं, आन् अजून लावलं. डॉक्टरनं इचारलं तवा मी खोटं सांगतलं. आजपर्यंत तेच सांगत आली. दार लागलं नोतं, सुनिलभाऊ. बाबानं लावलं होतं. पाहून लावलं होतं."