एका माणसापुरता कायदा

लेंपी राउटिओच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर कॉफीचे दोन जुने डबे होते, आणि त्या डब्यांत आमचा खासदार राहत असे. लाल डब्यात त्याने वॉशिंग्टनच्या सभागृहात स्वतः मांडलेली विधेयकं. निळ्या डब्यात दुसऱ्या कुणी मांडलेली, पण त्याने खाली आपलं नाव घालून पाठिंबा दिलेली. एका विधेयकाला एक कार्ड. विधेयक समितीकडे गेलं, बाहेर आलं, मतदानाला लागलं, की लेंपी पेन्सिलीने कार्डावर एक ओळ वाढवायची. बहुतेक कार्डांवर पहिल्या ओळीनंतर काहीच नसे. विधेयकांचं असंच असतं. जन्मतात फार, जगतात थोडी.

शनिवारी सकाळच्या बसने ती शेजारच्या गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जायची. तिथे सभागृहाच्या रोजच्या कामकाजाचे अंक टपालाने यायचे. सोबत विणकाम आणि फडक्यात गुंडाळलेली एक पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी. वाचनालयात खायला बंदी होती, पण ग्रंथपालबाई त्या वेळेला नेमक्या कपाटामागे काहीतरी शोधत असायच्या.

"लेंपी, नवरा गेल्यावर बायका देवाच्या नादी लागतात," शेजारचा वेइको कुंपणावरून म्हणायचा. "तू खासदाराच्या नादी लागलीस."

"देव काय करतो ते छापून येत नाही," लेंपी म्हणायची.

वेइकोला खरं कारण ठाऊक होतं. आमच्या रेडशोल गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. लेंपीचा एकुलता एक मुलगा आर्वो लोखंडाच्या खाणीत होता. एड्रियाटिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून एक मुलगी आपल्या मावशीकडे पाहुणी म्हणून आली, झोर्का तिचं नाव. चर्चच्या तळघरातल्या नाचात दोघांची गाठ पडली आणि उन्हाळा संपायच्या आत लग्न झालं. बायकोला देशात कायम राहू द्यावं म्हणून आर्वोने अर्ज केला. अर्ज टेबलाटेबलांवरून फिरत होता, तेवढ्यात खाणीत छत कोसळलं. अर्ज करणारा गेला तेव्हा अर्जही गेला, असं इमिग्रेशनच्या कचेरीने कळवलं. ज्याची बायको म्हणून राहायचं तोच नाही, तेव्हा परत जा.

सून बॅग भरत होती आणि सासू एकेक कपडा बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवत होती. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. लेंपीच्या घरात पोर गेल्यावर उरलेलं तेवढंच माणूस होतं.

तेव्हा आमचा खासदार क्लेमेंट बोद्री पहिल्यांदा त्या घरी आला. उंच, जरा पोक काढून चालणारा, मूळचा लाकूडतोड्यांच्या घरातला. त्याने कॉफी घेतली, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "एक वाट आहे. एका माणसापुरता कायदा करता येतो. विधेयकावर नावच असतं, अमक्या तमक्या बाईच्या सुटकेसाठी. ते समितीपुढे आहे तोवर सहसा कुणाला देशाबाहेर काढत नाहीत."

"आणि मंजूर झालं तर?"

"तर मग कुणीच काढू शकत नाही."

त्याने विधेयक मांडलं. लेंपीने अंकात सुनेचं नाव छापलेलं पाहिलं, त्यावर बोट ठेवलं, आणि तेव्हापासून लाल डबा सुरू झाला.

पुढच्या जानेवारीत तिने अंक उघडला आणि विधेयकाचा नंबरच सापडेना. म्हणजे मारलं! तिने घरी येऊन खासदाराच्या कचेरीला फोन लावला आणि त्या काळच्या आमच्या बायका परक्या पुरुषाशी बोलायच्या नाहीत अशा भाषेत बोलली. बोद्री शेवटपर्यंत ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मिसेस राउटिओ, दर दोन वर्षांनी सभागृहाची मुदत संपते आणि सगळीच विधेयकं मरतात, माझी, त्यांची, सगळ्यांची. तुमच्या सुनेचं मी आज सकाळी परत मांडलंय. नवा नंबर लिहून घ्या."

असे नवे नंबर तिने पुढे कितीदा लिहून घेतले. दर दुसऱ्या जानेवारीला पहिल्याच दिवशी. एकदा त्याला न्यूमोनिया झाला होता, तरी पहिल्याच दिवशी.

झोर्काचं नाव शोधता शोधता लेंपीला त्याच पानावरच्या बाकीच्या ओळी वाचायची सवय लागली, आणि मग हा माणूस कसा आहे ते तिला कळू लागलं. भाषणांतून नाही, भाषणं सगळ्यांची सारखीच. कशावर नाव घालतो आणि कशावर घालत नाही, यावरून. राष्ट्रीय अमुक दिवस पाळण्याच्या विधेयकावर दोनशे नावं असायची, त्यात हा नसायचा. विहिरींच्या पाण्याची तपासणी करा म्हणणाऱ्या विधेयकावर चारच नावं, त्यात हा. बाकीच्यांची नावं पहिल्या दिवशी पडायची, याचं दोन आठवड्यांनी.

"वाचून सही करत असेल," झोर्का म्हणाली.

"तिथे कोण वाचतं?" लेंपी म्हणाली, पण तिलाही तसंच वाटत होतं.

एकदा तर त्याने नाव मागे घेतलं. घातलेलं नाव काढायचं तर भर सभागृहात उभं राहून सगळ्यांची परवानगी मागावी लागते, माझं नाव काढा म्हणून. ती शोभा नको म्हणून बहुतेकजण चुकीचं नावही तसंच राहू देतात. बंदरांच्या एका विधेयकात समितीने मागाहून एक कलम घुसवलं होतं, मच्छीमारांच्या मुळावर येणारं. बोद्री उभा राहिला, परवानगी मागितली, खाली बसला. अंकात सगळी मिळून दोन ओळींची गोष्ट. लेंपीने निळ्या डब्यातलं ते कार्ड काढून फाडलं नाही. त्याच्यावर रेघ मारली आणि डब्यात सगळ्यांत पुढे ठेवलं.

मग ते निवडणुकीचं वर्ष आलं. समोर रॉस हॅल्वर्सन उभा होता, मोटारींचा व्यापारी, गोड बोलणारा. त्याच्या फलकावर लिहिलं होतं: इतकी वर्षं, आणि बोद्रीच्या नावाचा कायदा दाखवा. लोकांना पटत होतं. वेइकोसुद्धा म्हणाला, "तुझ्या डब्यात बघ ना, एक तरी मंजूर झालंय?"

"निळ्यातली झालीत."

"ती दुसऱ्यांची. ह्याचं काय?"

 लाल डब्यातलं खरंच एकही झालं नव्हतं.

ऑगस्टच्या अखेरीस बोद्री सकाळी सकाळी मागच्या दाराने आला. झोर्का अक्रोड भरून भाजलेल्या गोड पावाची गुंडाळी कापत होती.

"समितीतून बाहेर आलं," तो म्हणाला.

दोघींच्या लक्षात यायला वेळ लागला. सुरी झोर्काच्या हातात तशीच.

"आता अशा एकेका माणसापुरत्या, खासगी विधेयकांच्या यादीवर येईल. ती महिन्याच्या ठरावीक मंगळवारी पुकारतात. नाव पुकारलं आणि कुणी हरकत घेतली नाही, तर मंजूर. दोघांनी घेतली की परत समितीकडे. अशी विधेयकं चाळायला दोन्ही पक्षांनी माणसं नेमलेली असतात. त्यातल्या एका गृहस्थाला वाटतंय, तरुण बाई आहे, मूलबाळ नाही, आपल्या देशात का जात नाही? तो उठला की दुसरा उठतोच, म्हणून त्या वेळी मी तिथे हवा."

झोर्काने सुरी खाली ठेवली. तिचे वडील तिकडे वारले तेव्हा तिला जाता आलं नव्हतं. हद्दीबाहेर पाऊल टाकलं की परत यायचा रस्ता बंद. आईची पत्रं हल्ली शेजारीण लिहून देत होती.

लेंपी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली होती. "हा मंगळवार म्हणजे... त्या दिवशी हॉलमध्ये तुमची आणि हॅल्वर्सनची सभा आहे."

"कॅलेंडर मलाही वाचता येतं, मिसेस राउटिओ."

"सभेला यायलाच हवं तुम्ही! अख्खा जिल्हा येणार आहे."

"यादी दुपारी पुकारतात. त्यानंतर शिकागोपर्यंत येईन, पुढे विमान नाही."

"मग पुढच्या वेळी पुकारू दे."

"पुढच्या वेळेपर्यंत सभागृह निवडणुकीसाठी उठलेलं असेल. मग जानेवारी, परत पहिल्यापासून. आणि जानेवारीत मी असेन की नाही, हे तुमच्या वेइकोसारख्या मतदारांना जास्त माहीत." तो हसला. "माझी कचेरीतली मुलंही हेच म्हणतात, राहू द्या, सभेला जा. फक्त एक करा. सभेत कुणाला सांगू नका मी कुठे आहे. हॅल्वर्सन गाजावाजा करेल, पेपरात येईल, आणि अजून सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, बाकी आहे. झोपलेला एखादा जागा व्हायचा."

त्याने गुंडाळीचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला आणि गेला.

त्या मंगळवारी खाणकामगारांच्या हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर दोन खुर्च्या. एकीवर हॅल्वर्सन, दुसरी रिकामी. बोद्रीच्या माणसाने सांगितलं, "वॉशिंग्टनमध्ये तातडीचं काम निघालं."

"तातडीचं काम म्हणजे जेवण का?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

हॅल्वर्सनने संधी सोडली नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊन झालं की तो रिकाम्या खुर्चीकडे वळायचा. "आपलं काय म्हणणं आहे, खासदारसाहेब?" लोक पोट धरून हसत. लेंपी दुसऱ्या रांगेत होती. हातातल्या सुया चालल्या होत्या, पण टाके कुठे पडत होते ते तिला दिसत नव्हतं. गप्प राहायचा शब्द दिला होता. आणि इथे एका भल्या माणसाची तिच्या डोळ्यांदेखत टर उडत होती. उठून बोलावं तर सुनेचं विधेयक जाईल, न बोलावं तर त्याची खासदारकी.

"घाबरला तो!" वेइको म्हणाला. तोसुद्धा.

तेव्हा लेंपीच्या शेजारची खुर्ची मागे सरकली. झोर्का उभी राहिली होती.

"बस," लेंपी कुजबुजली. "अगं, सिनेट राहिलंय."

"असू दे, आई." मग ती मोठ्याने बोलली. इतक्या वर्षांनीही तिची वाक्यं अडखळत चालायची. "ती खुर्ची माझ्यामुळे रिकामी आहे. आज तिकडे माझं विधेयक आहे. मला इथे राहू द्या, असं. तो त्याच्यासाठी थांबला."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. हॅल्वर्सन वाईट माणूस नव्हता, पण निवडणूक होती. तो सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण हेच तर मी म्हणतोय. एका माणसासाठी त्यांनी एवढ्या लोकांना सोडलं."

"हो, एका," झोर्का म्हणाली. "आर्वो पण एकच होता खाली. त्याला वर काढायला सगळी पाळी थांबली. दोन दिवस खाण बंद. तुम्हीच होता ना सगळे? वेइको, तू होतास. तेव्हा कुणी म्हणालं नाही, एकच आहे."

ती बसली. कुणी टाळी वाजवली नाही. आमच्याकडे अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत. वेइकोने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली, मग त्याच्या रांगेतल्या बाकीच्यांनीही काढल्या. हॅल्वर्सन पाणी प्यायला. त्यानंतर तो त्या खुर्चीकडे पुन्हा वळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "कुणी हरकत घेतली नाही," बोद्री म्हणाला.

शनिवारी लेंपी तरीही बसने गेली. छापलेलं पाहिल्याशिवाय तिचा कशावर विश्वास नसे. अंकात झोर्काचं नाव पुकारलेलं होतं, हरकत नाही असं होतं, मंजूर असं होतं. बोद्रीचा मात्र एक शब्दही नव्हता. तिने पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं. पुढे भेट झाली तेव्हा तिने विचारलंच. "तुम्ही तिथे केलंत तरी काय?"

"काही नाही. त्या गृहस्थांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. रुमालातली गुंडाळी होती, अर्धी त्यांना दिली. कुणी केली म्हणाले, तर मी म्हटलं, जिचं नाव आता पुकारतायत तिनेच." तो जरा लाजला. "शेजारी बसलेल्या माणसादेखत उठून हरकत घेणं जड जातं हो."

हॉलमधल्या प्रसंगाची बातमी पेपरात आली, आणि लेंपीने ते काही आठवडे जीव मुठीत धरून काढले. पण सिनेटमध्ये शेवटच्या गडबडीत विधेयक मंजूर होऊन गेलं, आणि ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांची सही झाली. लाल डब्यातल्या त्या कार्डावर लेंपीने शेवटची ओळ लिहिली. ती ओळ जरा वाकडी आली आहे.

नोव्हेंबरात बोद्री पडला. रेडशोलने त्याला भरभरून मतं दिली, वेइकोने लोकांना आपल्या ट्रकमधून नेलं, पण दक्षिणेकडची मोठी गावं हॅल्वर्सनची झाली. रात्री निकाल ऐकून लेंपी रडली नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा ती लोकांसमोर रडली नव्हती. सकाळी उठून तिने वेलचीचा पाव भाजला आणि बसने जाऊन त्याच्या दारात ठेवून आली.

डिसेंबरात झोर्काचे कागद आले. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्याचं तिने विमानाचं तिकीट काढलं, आईकडे जायचं. जिला जाऊ द्यायचं नाही म्हणून लेंपीने इतके शनिवार बसमध्ये काढले, तिचीच बॅग आता ती स्वतः भरत होती. लोकरीचे मोजे, कॉफी, तिच्या आईसाठी एक शाल. मधूनच एखादा कपडा बाहेर काढावासा वाटे. पण तिने काढला नाही.

विमानतळापर्यंत बर्फाचा रस्ता. न्यायला बोद्री आला, आपल्या जुन्या गाडीतून.

"तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" लेंपी म्हणाली.

"नवं सभागृह आज भरलंय," तो म्हणाला. "मला तिथे काही मांडायचं नाही. बसा पुढे."

 विमानतळाच्या दारापाशी झोर्काने सासूच्या गळ्यात हात टाकले. लेंपीने तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं, मग पुन्हा काढून पुन्हा लावलं.

"येते, आई," झोर्का म्हणाली.

"ये," लेंपी म्हणाली. ते म्हणताना तिला भीती वाटली नाही. काचेपलीकडे सून पायऱ्या चढून विमानात शिरेपर्यंत ती बघत राहिली, आणि बोद्री टोपी हातात धरून तिच्या शेजारी उभा होता.