आवाजाच्या मागे

श्लूटर बंधूंची मोटारसायकल निवडायची एक रीत होती आणि तरुणपणापासून ती त्यांनी एकदाही मोडली नव्हती. दुकानातून पसंतीच्या दोन गाड्या मागून घ्यायच्या. धाकटा गेलन एकीवर, थोरला नॉर्ब दुसरीवर. किकापू नदीच्या काठाने वळणावळणाचा रस्ता धरायचा, गेलन पुढे आणि नॉर्ब मागे. अर्ध्या वाटेवरच्या हॉटेलात कॉफी प्यायची, तिथे गाड्या बदलायच्या आणि त्याच रस्त्याने परत यायचे. इंजिन किती घोड्यांचे, वजन किती, या गोष्टी ज्यांना रविवारी काही काम नसते त्यांनी वाचाव्यात, असे नॉर्बचे मत होते. चालवणाऱ्यापेक्षा मागून येणाऱ्याला गाडी जास्त कळते म्हणे.

या वेळी गाडी गेलनला घ्यायची होती, पण त्याच्या जिवाला घोर होता तो नॉर्बच्या डोळ्यांचा. नॉर्बच्या मुलीने फोन करून सांगितले होते, "काका, बाबांनी मोटार गॅरेजच्या दारावर घातली. दार उघडं होतं म्हणतात, आणि दार तर बंद होतं. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुम्हीच बघा काय ते." बायको गेल्यापासून नॉर्बला दर शनिवारी गेलनबरोबर मारायची मोटारसायकलची फेरी सोडली तर दुसरे काही उरले नव्हते. ती बंद कर म्हणून कोणी सांगायचे? गेलनने ठरवले की आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावे, आणि मनातल्या मनात देवाकडे मागितले की पोरीचा काहीतरी गैरसमज असू दे.

दुकानातल्या ट्रूडीने दोन्ही किल्ल्या काढून दिल्या. दोन्ही गाड्या मध्यम आकाराच्या, दोन्हींचे इंजिन दोन सिलिंडरांचे, व्ही-ट्विन. पण सख्ख्या बहिणी असूनही स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. काळी नव्या वळणाची, पाण्याने थंड होणारी. चालते की उभी आहे हे हँडलला हात लावून बघावे लागेल इतकी शांत. लाल जुन्या चालीची, धडधडत बोलणारी, जरा उनाड. गेलनचे मन बघताक्षणी लालवर गेले होते. तरी आवडती परतीला ठेवायची ही रीत, म्हणून जाताना तो काळीवर बसला.

नदीचा रस्ता लागेपर्यंत सगळे ठीक होते. मग नॉर्ब मागे पडू लागला. गेलन प्रत्येक फाट्यावर थांबून वाट बघायचा. एका फाट्यावर तर नॉर्ब वळलाच नाही, सरळ मक्याच्या शेतांच्या दिशेने निघून गेला, आणि बऱ्याच वेळाने परत आला. हॉटेलात बसल्यावर त्याने खापर गाडीवर फोडले.

"लाल अगदीच मरतुकडी आहे रे. ओढतच नाही."

वाढणारी बाई समोर उभी राहिली तेव्हा नॉर्बने मेन्यूकार्डाकडे न बघता सांगितले, याला जे आणाल तेच मला. तळलेल्या चीजची बशी आली. त्यातला शेवटचा तुकडा उचलताना त्याची बोटे आधी रिकाम्या जागेवर टेकली, मग सरकत तुकड्यापाशी गेली. गेलन दुसरीकडे बघू लागला. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण माणूस आपल्या माणसाबाबत आरसाच मागत बसतो.

गाड्या बदलल्या. आता गेलन लालवर, पुढे. आणि काय नवल, नॉर्ब अगदी पाठीला चिकटून आला. गेलनने वेग कमी केला की त्याचा कमी, वळणाआधी गिअर खाली टाकला की त्याचाही खाली. पूर्वीचा नॉर्ब परत आल्यासारखा. गेलनला क्षणभर आनंदच झाला. मग डोक्यात काहीतरी लखकन चमकले.

गेल्या वसंतात गेलनच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटला होता. बदलून घेतो म्हटल्यावर नॉर्बनेच मोडता घातला होता, राहू दे, कानाला बरं वाटतं.

एक वळण घेतल्यावर उताराचा सरळ रस्ता लागला. गेलनने क्लच दाबला, इंजिन बंद केले, गाडी तशीच घरंगळत नेली आणि कडेच्या खडीवर एका टपालपेटीशेजारी उभी केली. खाली उतरला आणि हात वर केला. नॉर्ब वळणावरून आला. समोर बघत, मान ताठ ठेवून तो हाताच्या अंतरावरून निघून गेला. थोडे पुढे जाऊन त्याचा वेग मेला. रस्त्याच्या ऐन मध्यावर त्याने गाडी थांबवली, दोन्ही पाय टेकले, आणि हेल्मेट एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत तो कानोसा घेऊ लागला. जत्रेत हात सुटलेल्या लेकराने उभे राहावे तसा उभा होता. आणि हा तोच नॉर्ब, ज्याने गेलनला सायकल शिकवली होती.

मागून एखादा दुधाचा टँकर आला असता तर? गेलनने घाईघाईने इंजिन चालू केले. त्या धडधडीसरशी नॉर्बचे खांदे खाली आले. गेलन त्याच्या पुढे गेला, आणि बैलगाडीच्या वेगाने त्याला दुकानापर्यंत घेऊन आला.

दुकानाच्या आवारात नॉर्बने हेल्मेट काढले. चेहऱ्यावर घाम होता, पण हसू ओढून आणलेले.

"लाल घे. डोळे झाकून घे."

"मघाशी मरतुकडी होती ना?"

"मघाशी थंड होती. आता बघ कशी बोलते."

"नॉर्ब, मी टपालपेटीपाशी उभा होतो. हात करत होतो."

नॉर्ब हेल्मेटचा पट्टा चाचपू लागला.

"कोणीतरी होतं एवढं दिसलं," तो म्हणाला. "तू होतास होय?"

मग मात्र त्याने लपवले नाही. नजरेतले मधले गेले आहे म्हणाला. कडेचे दिसते, रस्त्याची पांढरी रेघ दिसते, पण ज्याच्याकडे बघावे तेच पुसले जाते. डॉक्टरकडे जाऊन आला होता, पोरीला सांगितले नव्हते. औषधाने आहे तेवढे टिकले तर टिकेल, गेलेले येणार नाही.

"हा एक उन्हाळा, गेलन. तू पुढे राहा, मी आवाजाच्या मागे येतो. आजवर काही झालंय का?"

लाल गाडी घेतली की नॉर्बचा उन्हाळा त्याला मिळणार होता. गेलनला स्वतःलाही तीच हवी होती. आणि कुठल्यातरी वळणावर मागचा आवाज थांबला, तर आपणच त्याला तिथवर बोलावत नेले होते, ही बोच जन्मभर उशाशी घेऊन झोपायची. तो आत गेला. नॉर्ब त्याच्या पाठोपाठ, काउंटरला धरून उभा राहिला. ट्रूडीने विचारले, काय ठरलं मंडळींचं?

"काळी," गेलन म्हणाला.

"तुला ती आवडली नाही," नॉर्ब म्हणाला.

"नाही आवडली."

नॉर्बने भावाकडे तोंड वळवले. बघायचे म्हणून जरा बाजूला, कानाच्या दिशेने बघत राहिला. तो चिडेल, शिव्या घालेल, असे गेलनला वाटले होते. शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

"मग याच्या जुनीबरोबर माझीही गाडी ठेवून घे, ट्रूडी, विकून टाक," नॉर्ब म्हणाला, आणि खिशातली किल्ली काउंटरवर ठेवली. काउंटरची कड आधी हाताने बघून घेतली, मग ठेवली.

घरी जाताना तो गेलनच्या मागे बसला. जन्मात कधी मागे बसला नव्हता, हात कुठे ठेवावे हे त्याला कळेना. शेवटी त्याने गेलनच्या जाकिटाच्या दोन्ही बाजू मुठीत धरल्या. काळी निघाली, आणि खरोखरच तिचा काही आवाज येईना.

गावाबाहेर पडल्यावरही गेलनने वरचा गिअर टाकला नाही. दुसऱ्याच गिअरमध्ये इंजिन रडवत राहिला, नॉर्बला तेवढाच काय तो आवाज. थोड्या वेळाने पाठीवर दोन थापा पडल्या.

"वर टाक रे गाढवा," नॉर्ब कानाशी ओरडला. "नवी गाडी आहे, खराब करशील."

गेलनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आता त्यालाही समोरचे नीट दिसत नव्हते, म्हणून त्याने गाडी कडेला घेतली. दोघे भाऊ तिथे तसेच बसून राहिले, एक पुढे आणि एक मागे, गाडी दुसऱ्या गिअरमधून न काढता.