उसवलेल्या बाह्या

माझी सून शिवण शिकवते. संस्थेत तिची नोकरी कायम व्हायची होती आणि त्यासाठी तिला ई-पोर्टफोलिओ भरायचा होता. म्हणजे काय, हे मी तिला बरेचदा विचारलं. "आई, मी काय काय शिकले ते फोटोंसकट कॉम्प्युटरवर ठेवायचं. परीक्षक बाई बघतात."

दाखवायचं म्हटल्यावर मी कामाला लागले. तिने शिकत असताना सरावाला शिवलेल्या जुन्या बाह्या टेबलावर पडल्या होत्या. एकीला मुंढ्याशी, खांद्याच्या जोडावर चुण्या, एक तर चक्क उलटी. ती कामावर गेल्यावर मी त्या उसवल्या, नीट शिवल्या, वर इस्त्री फिरवली. मी शिकत होते तेव्हा आमच्या बाई वाकडी टीप दिसली की कपडा अंगावर भिरकावायच्या. उसवलेला दोरासुद्धा आम्ही मुठीत लपवायचो.

सून परत आली, टेबलाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"आई, हे काय केलंत?"

"का, कुठे चुकलंय?"

"कुठेच नाही, तोच तर घोळ आहे! आधी किती वाईट शिवायचे, तेच दाखवायचं होतं. फोटोही काढायचे राहिलेत. उद्या शेवटची तारीख."

"वाईट दाखवून नोकरी मागायची?"

"आता तसंच असतं हो."

मला काही उमगेना. पण तिचा चेहरा बघवेना. म्हटलं, "थांब, देते बिघडवून." मशीनवर बसले. वाकडी म्हणून मारलेली टीप सरळच जायची. हात ऐकेचना.

सून रडता रडता हसली. "एवढी वर्षं मला नावं ठेवलीत, आणि एक टीप वाकडी मारता येईना?"

मग तिने एक बाही उलटी करून उजेडात धरली. जुन्या टिपेची भोकं कापडात तशीच होती, नागमोडी. तिने फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'पहिली शिलाई माझी, दुसरी सासूबाईंची. बाहीचं जास्तीचं कापड मी एकाच जागी दाबलं, ते सगळीकडे सारखं विभागायला हवं होतं.'

नोकरी कायम झाली. परीक्षक बाईंचा शेरा तिने मला वाचून दाखवला. हेच पान सगळ्यांत चांगलं म्हणे.

"आणि माझ्या शिलाईबद्दल?"

"काही नाही लिहिलं."

मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. इतकी सरळ टीप शेजारी असताना बाई भोकंच बघत बसल्या.